गवताच्या हंगामातले घोडे

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. बोलायचं मात्र कधी टाळलं नाही. तंबूतल्या बायस्कोपबद्दल माझं उभ्या लोणावळ्याला सांगून झालं आहे. घोड्यांचं सांगतो, मोठ्या टोप्यांचं सांगतो, भर खेळात पडदा फाटला त्याची गंमत सांगतो. सांगत सांगत गवताच्या एका हंगामापाशी येतो, आणि मग मला चहाची आठवण होते. समोरच्या माणसाला वाटतं, म्हातारा दमला.

गेल्या महिन्यात पुण्याहून एक संपादक आले. म्हणाले, "अमेरिकन घोडेस्वारांची ती चित्रं तुम्ही अगदी सुरुवातीपासून पाहिलीत. ती कशी बदलत गेली, तेवढं लिहून द्या." मी हो म्हटलं. खिडकीशी बसून चार पानं लिहिलीही. तेवढ्यात तुंगार्लीच्या अंगानं वारा आला आणि त्याच्याबरोबर कापलेल्या गवताचा वास आला. पानं वाचून पाहिली. एकही वाक्य खोटं नव्हतं आणि सगळं मिळून खोटं होतं. फाडून टाकली.

दसरा झाला की आमचे मावळातले डोंगर पिवळे पडतात. छातीपर्यंत उंच गवत, वाऱ्यानं एका अंगावर झोपणारं. त्या काळी डोंगरावरच्या वाड्यांमधली ठाकर माणसं पहाटेपासून विळे घेऊन त्यात उतरत. लांबून माणूस दिसत नसे. नुसतं गवत खाली बसताना दिसे आणि विळ्यांचा खस् खस् आवाज येई. पेंढ्या डोक्यावरून स्टेशनाजवळच्या वखारीत येत. तिथं दाबून त्यांच्या गासड्या होत आणि मालगाडीनं मुंबईला जात, तिथल्या घोड्यांसाठी. व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे, शर्यतीचे घोडे, गोऱ्या साहेबांचे घोडे. आमच्या डोंगरांनी इतके घोडे पोसले, पण आम्ही ते पाहिले नव्हते. आमच्याकडे घोडे आले ते पडद्यावर.

तंबू याच हंगामात येई. पावसाळ्यात इथं तंबू टिकणं शक्य नाही, आणि गवताच्या दिवसांत माणसं गोळा झालेली असत. वखारीमागच्या मोकळ्या जागेत बाबूशेठ आपला तंबू ठोकत. बाहेर तेलाचं इंजिन धडधडे, आत मधोमध ओला पडदा. पाणी मारून ओला केला की चित्र दोन्ही बाजूंनी दिसे. समोरच्या बाजूला गावातली, रेल्वेतली, बाजारातली माणसं. पडद्यामागं, जिथून चित्र उलटं दिसतं, तिथं स्वस्तात डोंगरातली माणसं बसत.

मी मॅट्रिक नापास. दिवसा मालधक्क्यावर गासड्यांवर चिठ्ठ्या डकवायचो आणि संध्याकाळी तंबूत चित्र सांगायचो. तेव्हाची चित्रं मुकी होती. मधून मधून पडद्यावर इंग्रजी अक्षरं येत आणि ती वाचणारा माणूस तंबूत मी एकटा. पडद्याच्या कडेला हातात वेत घेऊन उभा राहायचं आणि कोण कुणाचा, कोण कुणाला का मारतोय, हे ओरडून सांगायचं. म्हणून मला सगळे मास्तर म्हणत. मी सांगेन तेच त्या चित्राचं खरं. मी चुकीचं सांगितलं तरी कळायला मार्ग नव्हता.

पडद्याच्या दुसऱ्या कडेला, मागच्या बाजूला, लहानू बसे. तुंगार्लीच्या वरच्या वाडीतला ठाकर, माझ्याच वयाचा. दिवसा गवत कापी, संध्याकाळी नारळाच्या दोन करवंट्या फळीवर वाजवून घोड्यांच्या टापा काढी. त्यानं आयुष्यात धावता घोडा पाहिला नव्हता, तरी उजव्या हाताच्या करवंटीनं अशी दौड उठवी की पुढच्या रांगेतली माणसं पाय आखडून घेत. घोडा पाण्यातून गेला की करवंटी ओल्या फडक्यावर, खडकावरून गेला की नुसत्या लाकडावर. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"मास्तर," तो एकदा म्हणाला, "ह्यो गडी डाव्या हातानं गोळी घालतोय. लय सफाई हाय."

"अरे, तो उजवाच आहे. तुला मागून उलटा दिसतो."

"मंजी आमच्या बाजूनं समदे डावरेच?"

"समदे."

"आन् चांगला गडी तुमच्याकडनं येतो का आमच्याकडनं?"

मी हसून सोडून दिलं.

त्या चित्रांचं आधी सांगतो. संपादकांना शब्द दिला आहे. अगदी सुरुवातीची चित्रं तोकडी. दहाबारा मिनिटांत गाडी लुटली जाई, पाठलाग होई, गोळ्या सुटत आणि सगळे चोर मरत. मरणारा माणूस दोन्ही हात वर करी, स्वतःभोवती एक गिरकी घेई आणि धूळ उडवत पडे. रक्त नाही, ओरडणं नाही. लोक टाळ्या पिटत. त्यातही एखादं चित्र वेगळं निघे. एकात डोक्यात पिसं खोवलेल्या जमातीतली एक बाई मेलेल्या नवऱ्याजवळ बसून राहते आणि टोपीवाले तिच्या पुढ्यातून गुरं हाकत निघून जातात, एवढंच होतं. पडद्यामागं त्या दिवशी कुणी खोकलंदेखील नाही. पण बाबूशेठ म्हणाले, असलं रडकं पुन्हा आणायचं नाही. पुढं तशी चित्रं येईनाशीच झाली.

मग एक नायक आला, लांबट चेहऱ्याचा, मळक्या कपड्यांचा. आधी वाईट, मग एका बाईच्या डोळ्यांकडे बघून चांगला होणारा. त्याच्यामागून नटवा नायक आला. नक्षीचा सदरा, पांढरा घोडा, दोरीचे फास, खिडकीतून उडी मारून थेट खोगिरावर. त्यानं कितीही माणसं मारली तरी सदऱ्याला डाग पडत नसे. मग मोठी चित्रं आली. शेकडो छकडे एका रांगेत माळावरून चाललेले, ओसाड मुलखातून लोहमार्ग टाकणारी माणसं. ते लोहमार्गाचं चित्र आमच्याकडे फार चाललं. घाटातल्या बोगद्यांवर ज्यांचे बाप-आजे खपले होते अशी माणसं तंबूत होती. सुरुंग उडाला की ती आपसूक डोकं खाली घालत. एक म्हातारा उठून म्हणाला, "मेलेली मानसं न्हाई दावली. आमच्या हितं दगडागनिक येक मेला." बाकीच्यांनी त्याला गप्प बसवलं.

या मोठ्या चित्रांत पिसंवाले आले ते फक्त मरायला आणि जाळायला. टेकडीवर एक रांग दिसे, मग ओरडा, मग आग. ते कोण, कशासाठी येतात, हे पडद्यावरची अक्षरंही सांगत नसत. ते मी सांगत असे.

माझी एक खुबी होती, तिच्यावर माझा पगार आणि माझा तोरा दोन्ही चालत. मी परका मुलूख आपला करून सांगायचो. नदी दिसली की म्हणायचो, "ही आली इंद्रायणी." किल्ला दिसला की लोहगड. कंजूष सावकार दिसला की बाजारातल्या कुणाचं तरी नाव घ्यायचो आणि तंबू हसून लोळे. लोकांना परक्या गावाचं काही वाटत नाही. आपलं नाव घातलं की वाटतं. हे मला फार लवकर कळलं होतं.

त्या हंगामात, पहिलं महायुद्ध संपून चारपाच वर्षं झाली असतील, छकड्यांचं एक चित्र आलं. पहिल्याच दिवशी पिसंवाल्यांची रांग टेकडीवर उभी राहिली, आणि मी वेत पडद्यावर आपटून ओरडलो, "हे आले बघा आपल्या वरच्या वाडीचे ठाकर! आता गंज्या पेटवतात की नाही बघा!"

समोरची बाजू उसळली. इतका हशा मला कधी मिळाला नव्हता. मागच्या बाजूला शांतता होती, पण ती बाजू मला दिसत नव्हती. दुसऱ्या दिवशी लोक ते वाक्य ऐकायलाच आले. तिसऱ्या दिवशी मी "हे आले बघा" म्हटलं की पुढचं सगळा तंबू ओरडू लागला. त्यात "मार, मार!" ही भर लोकांनीच घातली. मी ती थांबवली नाही. उलट वेतानं ताल धरला.

खेळ सुटल्यावर लहानू करवंट्या फडक्यात बांधत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर, त्ये रान कुनाचं हाय?"

"कुठलं रे?"

"चित्रातलं. छकडंवालं येत्यात त्ये कुनाच्या रानात येत्यात? पिसंवालं आधी तितंच हायती न्हवं?"

"असतील."

"मग त्यांनी काय करावं म्हन्ता?"

"अरे, चित्र आहे ते."

"व्हय. चित्रच हाय," तो म्हणाला. "पर वाडीचं नाव घेऊ नका, मास्तर. बाया आता बाजाराला याया भित्यात. ल्वाक मागनं मार मार करत्यात."

"बरं," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तंबू आधीच ओरडायला लागला होता. मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं.

आता बादली.

बायस्कोपच्या दिव्यात कोळशाच्या दोन कांड्या टोकाला टोक लावून जळत. रीळ बदलताना यंत्रवाला त्यांचे उरलेले लालभडक तुकडे वाळूच्या बादलीत टाकी. ती बादली दूरच्या उघड्या खडकावर नेऊन रिकामी करायची, हे माझं काम, कारण रीळ बदलेपर्यंत मला बोलायचं नसे. रोज करायचो. त्या दिवशी पुढचं रीळ आगीचं होतं. आत लोक माझं वाक्य माझ्याशिवाय म्हणायला लागले होते, आणि ते मला सहन झालं नाही. मी खडकापर्यंत गेलो नाही. वखारीच्या कुंपणाशी, गवताच्या सर्वांत मोठ्या गंजीमागं बादली उलटी केली, पायानं वाळू सारखी केली आणि धावत आत गेलो.

गवत रात्रभर आतल्या आत धुमसलं असणार. उजाडता उजाडता वारा सुटला आणि गंजी भडकली. मी पोचलो तेव्हा तिच्या शेजारच्या दोन पेटल्या होत्या. गवताच्या आगीचा आवाज निराळा असतो. कापड फाडल्यासारखा, न थांबता. गासड्यांच्या तारा तुटून उडत होत्या. वखारीचे ठेकेदार दगडूआबा, आंबीकडचे मोठे जमीनदार, उघड्या अंगानं पाणी मारत होते आणि त्यांच्या छातीवरचे केस जळून गेले होते. एक बैल दाव्याला तसाच जळाला.

मी कुंपणाशी गेलो. राखेत माझी वाळू दिसत होती. काळी पडलेली, पण वाळूच. मी ती चपलेनं विस्कटली.

आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "हे आले बघा."

हसत नव्हतं कुणी. दुसरा म्हणाला, "वरच्या वाडीचे." तिसऱ्यानं वाक्य पुरं केलं. माझं वाक्य माझ्याच ठेक्यात. पंधरा दिवस मी ते त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं.

"काल कुटं व्हते समदे?" दगडूआबांनी विचारलं.

"तंबूत, पडद्यामागं. कुंपणाला लागून."

"मग इचारायचं काय ऱ्हायलं?"

काठ्या निघाल्या, कुऱ्हाडी निघाल्या. चाळीसएक माणसं असतील. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. "मास्तर, तुमी फुडं व्हा. तुमाला वळख हाय तितली." आणि मी पुढं झालो. हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. मी गर्दीबरोबर ओढला गेलो नव्हतो. वाट दाखवत पुढं चाललो होतो.

वाडीत सकाळ झाली होती. चुलींचा धूर निघत होता. बायकांनी आम्हाला पाहिलं आणि पोरं काखेत मारून गवतात शिरल्या. पुरुष निम्मे कापणीला गेलेले. पहिल्या झोपडीला पेटतं लाकूड लागलं ते कुणी लावलं, मला ठाऊक आहे. तो माणूस आता हयात नाही. मग सात झोपड्या पेटल्या. कोंबड्या पेटत्या पंखांनी उडाल्या. लहानूचा म्हातारा बाप दारात काठी घेऊन उभा राहिला. शिवीही न देता नुसता आडवा उभा. कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या कानशिलावर बसला. त्यानं हात वर केले नाहीत, गिरकी घेतली नाही. तो होता तिथंच खाली बसला आणि कानातून रक्त येत असताना पडलेलं मुंडासं चाचपत राहिला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

लहानूला चौघांनी धरलं. दगडूआबांनी विचारलं, "गंजी कुनी पेटवली?"

"आमी न्हाई, आबा. गंजी पेटली तर आमीच उपाशी. आमीच कापलंय त्ये गवात."

कुणीतरी त्याच्या तोंडावर मारलं. त्यानं रक्त थुंकलं, मान वर केली, आणि त्या सगळ्या माणसांमध्ये मी त्याला दिसलो. मला वाटलं, तो शिव्या देईल. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला.

"मास्तर," तो म्हणाला, "सांगा ह्यांना. तुमीच सांगता न्हवं समदं? सांगा."

सगळे माझ्याकडे वळले. तंबूत वळायचे तसे. एवढी शांतता मला माझ्या धंद्यात कधी मिळाली नव्हती. मी बोललो असतो तर त्यांनी ऐकलं असतं. त्यांना माझं ऐकायची सवय होती.

मी पायाकडे बघितलं. चपलेच्या कडेला वाळू होती.

"मला काय माहीत?" मी म्हटलं.

मग त्यांनी त्याचा उजवा हात जात्याच्या पाळीवर ठेवला आणि दगड घेतला. पहिल्या घावाला तो ओरडला. पुढच्या घावांना नाही. मोजायला मी मान वर केली नाही, पण तो आवाज मला पाठ आहे. लाकडावर करवंटी आपटावी, तसा अजिबात नव्हता.

दोन दिवसांनी बाबूशेठनं तंबू उचलला. पोलीस आले, दगडूआबांकडे जेवले आणि वाडीतल्याच दोघांना बांधून घेऊन गेले. गंजी ठाकरांनी पेटवली, ही गोष्ट मावळात पक्की झाली. आजही होळीच्या आसपास कुठं गवत पेटलं की कुणीतरी ते जुनं उदाहरण देतं.

चित्रं पुढं चालू राहिली. पडदा बोलू लागला आणि माझं काम सुटलं. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. आता जो तो आपलं आपण बोलेल. बोलत्या चित्रांत टोपीवाला गाऊ लागला. एका हातात पिस्तूल, दुसऱ्यात गिटार. शेकोटीभोवती प्रेमाची गाणी, आणि मधे चारदोन माणसं ठार. टापाही खऱ्या ऐकू येत. पण त्यांना लहानूच्या टापांचं वजन नव्हतं. पाय आखडून घ्यावेत असं कुणाला वाटत नसे.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आणि त्यानंतर त्या चित्रांना काहीतरी झालं. नायक म्हातारे दिसू लागले. झोपेतून दचकून उठू लागले. पूर्वी गोळी सुटली की गोष्ट संपे. आता गोळी सुटली की गोष्ट सुरू होई. पिसंवाल्यांचा म्हातारा नायकासमोर बसून दोन वाक्यं बोलू लागला, आणि त्या दोन वाक्यांत लहानूचाच प्रश्न होता. अमेरिकेतल्या माणसांना तो सुचायला किती वर्षं लागली! आमच्या तंबूत तो करवंट्या बांधता बांधता विचारला गेला होता.

त्यातलं एक चित्र मी पुण्याला पाहिलं. गावातली माणसं घोड्यांवर बसून चोर पकडायला निघतात आणि भलत्यालाच पकडतात. तो माणूस गर्दीत एकेकाचा चेहरा बघतो. कुणीतरी ओळखीचं आहे का, हे शोधतो. मी उठलो. अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर आलो आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलो. शेजारचा पानवाला म्हणाला, "काय काका, मारामारी सोसत नाही वाटतं?"

लोणावळ्याला परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ठरवलं. हंगाम गवताचाच होता. स्टेशनाच्या धक्क्यावर गासड्या चढत होत्या, आणि लहानू तिथं होता. केस पिकलेले. उजवा हात मनगटापाशी वाळल्या फांदीसारखा वळलेला. डाव्या हातानं तो दोर आवळत होता, दात लावून. इतक्या सफाईनं की मी क्षणभर उभा राहून बघतच राहिलो.

"लहानू."

त्यानं दोराची गाठ पुरी केली, मग वर पाहिलं. "आँ, मास्तर. लय दिसांनी."

मी काय बोलायचं ते पुण्याहून येताना गाडीत घोकलं होतं. पाच वाक्यं होती.

"कसा आहेस?"

"हाय. डावरा झालो. तुमी म्हनला व्हता न्हवं, आमच्या बाजूनं समदे डावरेच." तो हसला. दात कमी झाले होते. "बायस्कोप आता बोलतंय म्हन्त्यात. खरं का?"

"खरं."

"मंग तुमी काय करता?"

"काही नाही. गप्प बसतो."

त्यानं दुसरी गासडी गुडघ्यानं ओढून घेतली, दोर दातात धरला, आणि दोर धरूनच, नीट ऐकू येईल असं म्हणाला, "त्ये तुमाला पयल्यापास्नं जमतंय."

पुढं बोलायला त्यानं मला जागा दिली. मला तसंच वाटतं. त्यानं हात थांबवला होता. मालगाडीनं शिटी दिली, मुकादम ओरडला, आणि मी म्हटलं, "बरं आहे, येतो." पुढच्या पावसाळ्यात तो तापानं गेल्याचं मला माझ्या घराच्या कुंपणाच्या कामावर आलेल्या त्याच्या भाच्यानं सांगितलं. मी त्याला चहा दिला.

संपादकांनी चित्रं कशी बदलत गेली ते मागितलं होतं. चित्रं बदलली. मी एकाच रिळावर उभा आहे. हातात वेत आहे, चाळीस माणसं माझ्याकडे वळली आहेत, आणि पडद्याच्या मागच्या बाजूनं एक माणूस म्हणतोय, सांगा. गाडीत घोकलेली वाक्यं मला अजून येतात. ती अशी होती:

लहानू, गंजी तुम्ही पेटवली नाही. बादली मी ओतली होती, आणि मला ते त्याच सकाळी कळलं होतं. वाडीचं नाव तंबूत मी घातलं, वाट मी दाखवली, आणि तू विचारलंस तेव्हा मी गप्प बसलो. तुझ्या बापाचा आणि तुझ्या हाताचा मी गुन्हेगार आहे. मला माफ कर.